लेआउटमधला सिमेंट रस्ता: काम चालू असतानाच हिशेब कसा तपासायचा? (नागपूर)

मोजपट्टी (धागाकर्ता)

पावसाळा संपला की आपल्याकडे लेआउटमधल्या रस्त्यांची कामं निघतात. ओरड होते दोन वर्षांनी, गिट्टी वर आल्यावर. तोवर ठेकेदाराचं अंतिम देयक निघालेलं असतं, सुरक्षा ठेव परत गेलेली असते आणि कनिष्ठ अभियंत्याची दुसऱ्या झोनला बदली झालेली असते. म्हणून तक्रार अंतिम देयकाच्या आधीच जायला हवी, आणि हा धागा काम चालू असतानाच्या तपासणीपुरता. ज्यांना यातलं पक्कं माहीत आहे त्यांनी भर घालावी.

सगळ्यात आधी रस्ता कोणाचा ते ठरवा. नागपुरात इथेच महिना जातो. मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि शहराबाहेर एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एवढे मालक आहेत. आपला लेआउट गुंठेवारीतल्या '५७२' किंवा '१९००' अभिन्यास (लेआउट) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटांतला असेल तर मनपा की नासुप्र हे गृहीत धरू नका. कामाच्या फलकावर खात्याचं नाव असतं. फलकच नसेल तर पहिला अर्ज त्याचाच करा: कामाचं नाव, कार्यादेश क्रमांक, रक्कम, मुदत आणि दोष दायित्व कालावधी (रस्ता फुटला तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत) लिहिलेला फलक लावावा. रस्ता मनपाचा निघाला तर दहा झोनपैकी आपला कोणता, ते घरटॅक्सच्या डिमांडवर बघा. दोन झोनच्या हद्दीवरचे लेआउट बरेच आहेत.

मग कागद. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (सगळे एमबी म्हणतात), चाचणी अहवाल आणि देयकं. एवढ्यात सगळं येतं. यातही दोनच निवडायचे झाले तर अंदाजपत्रक आणि एमबी घ्या. एकात काय करायचं ठरलं ते असतं, दुसऱ्यात काय केल्याचे पैसे दिले ते असतं. उरलेली तुलना रस्त्यावर टेप लावून करायची.

---

उपअभियंता_निवृत्त

धागा कामाचा आहे. एमबी कशी वाचायची ते सांगतो, कारण लोक प्रत मिळवतात आणि आकडे बघून बाजूला ठेवतात.

प्रत्येक बाबीपुढे नग, लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण असे रकाने असतात. पानांवर छापील क्रमांक असतात, मधलं पान गायब असू शकत नाही. खाडाखोड चालत नाही. चुकलेला आकडा एका रेघेने कापून, वर बरोबर आकडा लिहून सही करायची असते. नोंद कनिष्ठ अभियंता करतो, उपअभियंता त्यातल्या काही मोजणीची पडताळणी करून सही करतो. देयकावर एमबीचा क्रमांक आणि पान लिहिलेलं असतं, ते जुळतं का बघा.

आता एक उदाहरण. १०० मीटर लांब, ५.५० मीटर रुंद, २० सेंटीमीटर जाड रस्ता म्हणजे ११० घनमीटर काँक्रीट. तोच १७ सेंटीमीटर टाकला तर ९३.५ घनमीटर. साडेसोळा घनमीटर, म्हणजे पंधरा टक्के काँक्रीट कागदावर राहिलं. वरून बघून हे कोणालाही कळणार नाही.

आणि रुंदीचा रकाना नीट बघा. खऱ्या मोजणीत आकडे हलतात: ५.४२, ५.५६, ५.४८, पुढे डीपीपाशी (विजेच्या पेटीपाशी) ४.९०. दर दहा मीटरला सरळ ५.५०, ५.५०, ५.५० लिहिलेलं असेल तर ते टेबलावर बसून लिहिलं असण्याची शक्यता मोठी. खांब, चेंबर, कोपऱ्यावरचं मंदिर या जागा वजा केल्यात का तेही तिथेच दिसतं.

---

लेआउट_सचिव

सर, जाडी मोजायची कशी? कडेला स्केल लावून फोटो काढले तर चालतात का?

---

उपअभियंता_निवृत्त

कडेवर विसंबू नका. पाट्या (शटरिंग) पूर्ण उंचीच्या लावलेल्या असतात, त्यामुळे कड नेहमी भरते. कमी पडतं ते मधे, कारण खालचा थर मधे उंच सोडलेला असतो. म्हणून काँक्रीट पडायच्या आधी मोजा: दोन्ही पाट्यांच्या माथ्यावर दोरी ताणून धरा आणि दोरीपासून खालच्या थरापर्यंत तीन ठिकाणी टेप टाका, डावीकडे, मधे, उजवीकडे. दर दहा मीटरला. टेपचा आकडा आणि मागचं घर एकाच फोटोत येऊ द्या. कनिष्ठ अभियंता हजर असताना मोजलंत तर उत्तम. त्यांना आधी सांगा, लपूनछपून मोजू नका.

काम झाल्यावर शंका उरली तर कोअर (रस्ता छेदून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढावा लागतो, साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा. त्यात जाडीही कळते आणि ताकदही. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे किमान तीन कोअर लागतात. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्क्यांच्या खाली नको आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. कोअर आपण परस्पर काढायचा नाही. कार्यकारी अभियंत्याला लेखी मागणी करा, दोन्ही बाजूंसमोर जागा ठरवा, पंचनामा करा. चाचणी व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेत व्हावी असं त्याच पत्रात लिहा.

---

आरएमसी_प्लांट

काँक्रीट पुरवठ्याकडून थोडं.

गाडी आली की चलन मागून बघा. त्यावर ग्रेड, घनमीटर आणि भरल्याची वेळ असते. आयएस ४९२६ प्रमाणे भरल्यापासून २ तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. गोठणं लांबवणारं रसायन घातलं असेल तर जास्त वेळ चालतो, पण मग ते चलनावर लिहिलेलं असतं. खरा घोळ होतो तो ट्रॅफिकमध्ये गाडी अडकून माल घट्ट झाला की. मजूर सरळ पाइप लावून ड्रममध्ये पाणी सोडतात. माल मऊ पडतो, काम झपाट्याने होतं, ताकद मात्र गेली. हे दिसलं की व्हिडिओ घ्या आणि चलनाचा नंबर टिपा. सगळ्या चलनांची बेरीज करा. एमबीत ११० घनमीटर असतील आणि चलनं ९६ ची असतील तर वेगळा पुरावा लागत नाही.

क्यूबचा (त्याच मालातून चाचणीसाठी भरलेल्या ठोकळ्याचा) हिशेबही सोपा आहे. ११० घनमीटरला आयएस ४५६ प्रमाणे ६ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब, म्हणजे १८. क्यूब १५० मिलिमीटरचा, निकाल २८ दिवसांचा. क्यूब साइटवर भरताना दिसलेच नाहीत आणि अहवाल मात्र आला, तर ते क्यूब कुठले? भरलेल्या क्यूबवर तारीख आणि साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) कोरतात, तिचा फोटो ठेवा.

नागपूरच्या उन्हाचं वेगळं सांगतो. साइटवर पोचलेल्या मालाचं तापमान ३० अंशांच्या वर नको, असं रस्त्यांच्या मानकात आहे. मार्चनंतर दुपारी हे जमत नाही, काम रात्रीच करायला हवं. क्युरिंग १४ दिवस. ओली पोती किंवा मातीची आळी करून साठवलेलं पाणी. सकाळी एकदा टँकर फिरवला आणि बारा वाजता पोती कोरडी ठणठणीत, तर ते क्युरिंग नव्हे. वरची पूड सुटते, बारीक तडे पडतात आणि पहिल्याच पावसात गिट्टी दिसायला लागते.

---

गट्टू_आणि_उतार

दोन गोष्टी राहिल्या.

पहिली उंचीची. सिमेंट रस्ता झाला आणि घर खड्ड्यात गेलं, हे आपल्याकडचं जुनं दुखणं. जुना डांबरी थर खरडून काढायची बाब अंदाजपत्रकात आहे का बघा. बाब असूनही न खरडता वरून टाकतात, तेव्हा पैसेही गेले आणि पाणीही घरात. काम सुरू व्हायच्या आधी चार-पाच विजेच्या खांबांवर ऑइलपेंटची रेघ मारून ठेवा आणि रेघेपासून रस्त्याच्या मध्यापर्यंतची उंची वहीत लिहा. ओट्यापासूनही घ्या. काम झाल्यावर तीच उंची परत मोजा. उंचीवरून वाद निघतो तेव्हा हे चार-पाच आकडे लिहिलेली वही सगळ्यात उपयोगी पडते.

दुसरी बाजूच्या गट्टूंची (पेव्हर ब्लॉकची). अंदाजपत्रकात ८० मिलिमीटर आणि टाकलेले ६०, हा फरक बसवल्यावर दिसत नाही. ढीग पडलेला असतानाच दहा-बारा गट्टू मोजा.

---

अर्जदार_४४००

माहिती अधिकाराचं मी सांगतो, यात लोक हमखास तीन चुका करतात.

एक, "का" विचारतात. "रस्ता निकृष्ट का झाला?" याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. जे कागदावर आहे तेच मागा. दोन, एका अर्जात पाच विषय कोंबतात. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. तीन, पोच घेत नाहीत. आवक शिक्का आणि तारखेशिवाय ३० दिवस कुठून मोजणार?

नमुना असा:

"जोडपत्र अ. विषय: (कार्यादेश क्रमांक व दिनांक) अन्वये (रस्त्याचे नाव) सिमेंट काँक्रीट रस्त्याचे काम. खालील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने, आजवरची सर्व देयके, क्यूब चाचणी अहवाल, सुधारित व अतिरिक्त बाबींची मंजुरी. तसेच कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याची व साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याची परवानगी द्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने हे दोन्ही माहिती अधिकाराच्या व्याख्येतच, कलम २ मध्ये आहेत. लोक फक्त झेरॉक्स मागतात.

१० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा रोख भरून पावती घ्या. प्रतीला पानाला २ रुपये. पैसे भरायचं पत्र आलं की तुम्ही भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत, म्हणून लगेच भरा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). मग ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, जोडपत्र ब, २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र क, पुन्हा २० रुपये, राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००.

---

लेआउट_सचिव

दादा, आयोगात तारीख लागेपर्यंत रस्ताच उखडून जाईल ना जी. काम तर पुढच्या महिन्यात सुरू करून राहिले.

---

अर्जदार_४४००

बरोबर आहे. म्हणून आधी सोमवार वापरा. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे महापालिकांसह स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे आहेत. सोमवारी सुट्टी असेल तर लगतच्या कामाच्या दिवशी. माहिती अधिकाराचे अर्ज कमी व्हावेत हाच त्याचा हेतू. दोघे-तिघे जा, एक जण वाचेल, एक लिहील. आधी फक्त अंदाजपत्रक बघा, त्याला तासभर पुरतो. फाईल साइटवर आहे असं सांगितलं तर तेवढंच एका ओळीत लिहून पोच घ्या. पुढच्या सोमवारी फाईल सहसा टेबलावर असते.

आणि अर्ज एकाच्या नावाने करू नका. चार घरांतून चार अर्ज जाऊ द्या. एकट्या माणसावर दबाव टाकणं सोपं असतं.

---

ॲड_सदर

कायद्याचे मुद्दे थोडक्यात.

जुन्या पोस्टमध्ये नागपूर शहर महानगरपालिका अधिनियम, १९४८ ची कलमं फिरत असतात. तो कायदा रद्द झाला आहे, आता आपल्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. चुकीचं कलम लिहिलेलं निवेदन परत पाठवायला आयतं कारण होतं.

"ठेकेदार त्रयस्थ पक्ष आहे, म्हणून माहिती देता येत नाही" हे उत्तर टिकत नाही. माहिती अधिकाराच्या कलम ११ खाली त्याचं म्हणणं मागवायचं असतं, तो नकाराधिकार नाही. कलम ८(१)(ञ) (वैयक्तिक माहिती नाकारण्याचं) मात्र जपून. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते आणखी आवळलं आहे. म्हणून अभियंत्याचा पगार, रजा, मालमत्ता यांत शिरू नका. कामाचे कागद मागा, ते कोणाचीही वैयक्तिक माहिती नाहीत. तरीही नकार आला तर अपिलात कलम ८(२), व्यापक जनहित, जरूर लिहा.

ठेक्यात नगरसेवकाचा हितसंबंध असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० खाली अपात्रता येते. पण हे सिद्ध करायला कागद लागतो: भागीदारीपत्र, कंपनीच्या नोंदी, निवडणुकीच्या शपथपत्रातली मालमत्ता. "त्याच्याच मेव्हण्याचा ठेका आहे" एवढ्यावर फलक लावलात तर बदनामीचा दावा तुमच्यावर येईल आणि रस्ता बाजूला पडेल.

---

धंतोली_वाचक

रस्त्याचं नाही, पण याच विषयात बसतं म्हणून विचारते. घरटॅक्सवर नाव चढवायला किंवा नकाशासाठी पैसे मागितले तर काय करायचं? दलालामार्फतच मागतात, साहेब स्वतः बोलत नाहीत.

---

ॲड_सदर

ताई, दोन वेगळे रस्ते आहेत, ते मिसळू नका.

नुसता उशीर असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. सेवा अधिसूचित आहे का, किती दिवसांत मिळायची, फी किती आणि पहिलं अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढा. अर्जाचा क्रमांक हातात हवा, क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज या कायद्याच्या नजरेत नसतोच. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील. कसूर झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पैशाची मागणी झाली असेल तर हेल्पलाइन १०६४, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. दलालाने लाच मागितली तरी गुन्हा आहे, भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचं कलम ७अ. तिथे आधी पडताळणी होते: दोन पंचांसमोर, रेकॉर्डर लावून, मागणी खरी आहे का ते तपासतात. या टप्प्यावर तक्रारदार चुकतात. "किती द्यायचे, मी देतोच" असं स्वतःहून बोलू नका. मागणी समोरून आली पाहिजे. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. तक्रारदार नंतर फिरला तरी बाकीच्या पुराव्यावर शिक्षा होऊ शकते, हेही त्याच निकालात आहे. नंतर सापळा. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर, आणि घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी.

पैसे आधीच दिले असतील तर एक तारीख लक्षात ठेवा. २०१८ पासून लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर दिल्यापासून ७ दिवसांच्या आत कळवलं तरच संरक्षण मिळतं. आठव्या दिवशी तुम्ही तक्रारदार राहत नाही, आरोपी होऊ शकता.

---

प्रभाग_समिती

लोकशाही दिनाचं कोणी लिहिलं नाही. महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज विहित नमुन्यात दोन प्रतींत १५ दिवस आधी द्यायचा असतो. सामूहिक निवेदन किंवा न्यायालयात असलेला विषय तिथे घेत नाहीत. म्हणून "समस्त रहिवासी" अशी सही नको, घरात पाणी शिरणाऱ्या एकाच घरमालकाच्या नावाने द्या.

प्रभाग समिती तर आपण विसरूनच गेलो आहोत. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक आले आणि लोकांची सवय मोडली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात, ते त्याच भागातले मतदार हवेत. या जागा कोणाच्या ओळखीने भरल्या जातात याकडे लक्ष ठेवा, आणि आपल्यातलं अंदाजपत्रक वाचू शकणारं माणूस त्यासाठी पुढे करा. सभेची विषयपत्रिका आणि कार्यवृत्त मागत जा. पुढच्या वर्षी कोणते रस्ते घ्यायचे हे बोलण्याची ती जागा आहे. कार्यादेश निघाल्यावर फक्त राखण करता येते.

---

मोजपट्टी

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट मला आग्रहाने लिहायची आहे. ज्या गटाने रस्ता तपासायचा त्याने ठेकेदाराकडून काहीही घ्यायचं नाही. उरलेल्या मालात कोणाच्या गेटसमोर रॅम्प नाही, गणपतीची वर्गणी नाही, मुरमाचा एक ट्रॅक्टरसुद्धा नाही. पहिला रॅम्प झाला की दुसऱ्या दिवसापासून टेप घेऊन उभ्या माणसाचं कोणी ऐकत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज लावून नंतर मागे घेण्याचे पैसे घेणारेही आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडे प्रत्येक कार्यालयात संशयाने बघतात. अर्ज एकदा लावला की शेवटपर्यंत न्यायचा आणि मिळालेले कागद लेआउटच्या ग्रुपवर सगळ्यांना टाकायचे.

---

लेआउट_सचिव

मंजूर. आमच्या यादीत आता असं आहे: या सोमवारी अंदाजपत्रक, रविवारी खांबांवर रेघा, चलनांसाठी सकाळ आणि रात्र अशा दोन पाळ्या. एकच विचारायचं राहिलं. अंतिम देयकाच्या आधी तक्रार गेली पाहिजे म्हणता, पण ते कधी निघणार हे आम्हाला कळणार कसं?

---

उपअभियंता_निवृत्त

वाट बघू नका. २८ दिवसांचे क्यूब निकाल यायच्या सुमारास अंतिम मोजणी होते. काम संपल्यापासून तिसऱ्या आठवड्यात कार्यकारी अभियंत्याला पत्र द्या, प्रत मुख्य लेखापरीक्षकांना: अंतिम मोजणी रहिवाशांच्या दोन प्रतिनिधींसमोर व्हावी, आमच्या मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे, फरकाचा खुलासा झाल्याशिवाय देयक पारित करू नये. तक्त्यात साखळी, रुंदी, तीन जाड्या आणि फोटोचा क्रमांक एवढंच. शेरे नकोत, आरोप नकोत. असा तक्ता फाईलला लागला की खालच्या माणसाला सही करताना त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि दोष दायित्व कालावधीत रस्ता फुटला तर ठेकेदाराकडून फुकट दुरुस्ती मागायलाही तोच कागद चालतो. कालावधी संपायची तारीख कार्यादेशातून आत्ताच काढून ठेवा, आणि त्याच्या तीन महिने आधी पावसाळा संपताच एकदा पूर्ण रस्ता चालून तड्यांची यादी लेखी द्या.